एकट्या कॅबर्ने फ्राँची बाटली : निवडण्यापासून उरलेल्या घोटापर्यंत

"हिला ढोबळी मिरचीचा वास येतोय. खराब झालीय बहुतेक."

हे वाक्य मी इतक्या जणांच्या घरी ऐकलंय, की आता बाटली उघडायच्या आधीच ते माझ्या कानात वाजायला लागतं. गेल्या मे महिन्यात पुण्यात एका मित्राकडे हेच झालं. त्याच्या बहिणीने फ्रान्सहून आठवणीने आणलेली, शिनों गावची कॅबर्ने फ्राँची बाटली. "रेड वाइन रूम टेंपरेचरला द्यायची असते" म्हणून पठ्ठ्याने ती दुपारपासून टेबलावर मांडून ठेवलेली. हॉलमध्ये ३३ अंश. आधी सगळ्यांनी नाशिकची शिराझ ही दणकट लाल वाइन घेतली, तिच्यावर ही, आणि पानात गूळ घातलेली आमटी. वाइन धडधाकट होती, पण तिची वाट लावायचं काही बाकी ठेवलं नव्हतं.

कॅबर्ने फ्राँ हे द्राक्ष बहुतेक वेळा इतरांच्या जोडीला मिसळलं जातं. फ्रान्समधल्या बोर्दो भागातल्या लाल वाइनमध्ये ते बऱ्याचदा असतं. एकट्याने बाटलीत उतरतं तेव्हा ते कॅबर्ने सोव्हिन्यों या दुसऱ्या, भारी लाल द्राक्षासारखं वागत नाही. अंगाने हलकं, आंबटपणा जास्त, तुरटपणा बेताचा आणि वास नाजूक. लाल म्हणजे भारी असं धरून चाललात तर प्रत्येक पायरी चुकते. म्हणून खालचा क्रम मोडू नका.

१. लेबलवर द्राक्ष शोधू नका, गाव शोधा

या द्राक्षाचं सगळ्यात खात्रीचं घर म्हणजे फ्रान्समधलं ल्वार नदीचं खोरं. पण तिथल्या लेबलवर द्राक्षाचं नाव सहसा नसतंच, गावाचं असतं. चार नावं पाठ करा : शिनों, बूर्गय, सँ-निकोला-द-बूर्गय आणि सोम्यूर-शांपिन्यी. यातली लाल वाइन म्हणजे कॅबर्ने फ्राँ. नियमाने थोडी कॅबर्ने सोव्हिन्यों मिसळायची मुभा आहे (शिनों आणि बूर्गयमध्ये १० टक्क्यांपर्यंत), पण बरेच जण ती घेत नाहीत.

फ्रान्सबाहेर उलटं. कॅनडातलं नायगारा, न्यूयॉर्क राज्यातलं फिंगर लेक्स, व्हर्जिनिया, अर्जेंटिनातलं मेंडोझा इथल्या बाटल्यांवर द्राक्षाचं नाव ठळक छापलेलं असतं. टोरांटो किंवा न्यू जर्सीच्या मराठी मंडळींना हे द्राक्ष त्यामुळे घराजवळच मिळतं. मात्र नाव छापलंय म्हणजे आत शंभर टक्के तेच आहे असं नाही. अमेरिकेत नाव छापायला ७५ टक्के पुरतं, युरोपीय संघात ८५ लागतं. एकट्या द्राक्षाची चव बघायची असेल तर मागचं लेबल वाचा, नाहीतर उत्पादकाच्या संकेतस्थळावर टक्केवारी बघा.

*तपासा :* बाटलीवर 'शिनों' असलं तरी ती लालच असेल असं नाही. शिनोंची रोझे, म्हणजे गुलाबी, मिळते आणि पांढरीही, आणि पांढरी तर शेनँ ब्लाँ या वेगळ्याच द्राक्षाची. काच गडद असेल तर फसायला होतं. 'रूज', म्हणजे लाल, हा शब्द बघा.

'व्हिएय व्हिन्य', म्हणजे जुन्या वेलींची, असं छापलेलं दिसलं तर भुलून जास्त पैसे मोजू नका. किती वर्षांची वेल जुनी म्हणायची याचा फ्रान्समध्ये कायदा नाही.

२. माती आणि साल

पहिल्यांदा घेणाऱ्यांची चूक इथे होते. एकाच शिनोंमध्ये दोन स्वभाव असतात. नदीकाठच्या वाळू-गोट्यांच्या जमिनीतली वाइन हलकी, लालचुटूक, लवकर पिण्याची. उतारावरच्या तुफो नावाच्या मऊ, पिवळसर चुनखडीवरची घट्ट, तुरट, चार-पाच वर्षं थांबायला लावणारी. सँ-निकोलामध्ये वाळू-गोटे जास्त, सोम्यूर-शांपिन्यीत चुनखडी जास्त. दुकानदार मातीबद्दल सांगू शकत नसेल तर किमतीवरून अंदाज घ्या. एकाच उत्पादकाची स्वस्त बाटली बहुधा वाळू-गोट्यांची असते.

पहिली बाटली वाळू-गोट्यांचीच घ्या. महाग घेतली म्हणजे जास्त आवडेल असं नाही. तुफोवरची दोन वर्षांची कोवळी बाटली उघडून तोंड वाकडं केलेले लोक मी पाहिले आहेत.

साल, म्हणजे पिकाचं वर्ष, बघायचं कारण हिरवा वास. ढोबळी मिरचीत जो घटक असतो तोच, पायराझिन कुळातला, या द्राक्षाच्या सालपटात असतो. एका लिटरमध्ये पंधराएक नॅनोग्रॅम असला तरी नाकाला कळतो. द्राक्ष पिकत जातं, घडावर ऊन पडतं, तसा तो कमी होतो. म्हणून थंड साली हिरवेपणा जास्त, गरम साली फळ जास्त. ल्वारमध्ये २०१८, २०२० आणि २०२२ ही गरम सालं. २०२१ थंड, त्यात एप्रिलमध्ये हिमाचा तडाखा. मिरचीच्या वासाने बिचकणाऱ्या पाहुण्यांसाठी २०२२ घ्या. मला स्वतःला २०२१ची करकरीत चव आवडते, पण ती लादायची गोष्ट नाही.

३. घरी आणणं

महाराष्ट्रातल्या दुकानांत एकट्या कॅबर्ने फ्राँची बाटली क्वचित दिसते, त्यामुळे ती बहुतेकांच्या घरी कुणाच्या तरी सुटकेसमधून येते. भारतात उतरताना कर न भरता माणशी २ लिटर मद्य आणता येतं. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घातली की सव्वादोन. आणि बाबांसाठी घेतलेली एक लिटर व्हिस्की याच हिशेबात येते, हे विमानतळावर आठवून उपयोग नाही.

बाटल्या चेक-इन सामानात, सुटकेसच्या मधोमध, आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत आणि मग जीन्समध्ये गुंडाळून. कडेला नाही, चाकांच्या बाजूला तर मुळीच नाही.

*सावधान :* उन्हाळ्यात विमानतळावरून घरी येताना वाटेत जेवायला थांबलात तर बाटली गाडीत ठेवू नका. बंद गाडीत तासाभरात भट्टी होते. वाइन फुगते, बूच वर सरकतं, आणि वास जांभळाच्या शिजवलेल्या मुरंब्यासारखा होतो. मग दोष द्राक्षाला.

घरी आल्यावर आठवडाभर बाटलीला हात लावू नका. प्रवासात हिंदकळलेली वाइन लगेच उघडली तर विस्कटलेली लागते, असं म्हणतात. न गाळलेली असेल तर गाळही तळाशी बसायला हवा.

४. ठेवायची कुठे

वाइनचा फ्रीज असेल तर १३-१४ अंशांवर, आडवी. नसेल तर पुण्या-मुंबईच्या घरात दोनच पर्याय : महिन्याभरात प्यायची, किंवा साध्या फ्रीजमध्ये सगळ्यात खालच्या कप्प्यात कागदात गुंडाळून सहा-आठ महिने. साधा फ्रीज आदर्श नाही, कोरडा असतो, पण एप्रिल-मेच्या कपाटापेक्षा शंभर पटींनी बरा. फ्रीजच्या डोक्यावर, ओट्याच्या वरच्या कपाटात, देवघराच्या खाली या तिन्ही जागा मी पाहिल्या आहेत. तिन्ही बाद.

५. गार करणं : सगळ्यात जास्त चुका इथे

"रूम टेंपरेचर" हा शब्द थंड देशातल्या जुन्या दगडी घरांतून आला. तिथल्या खोलीत १६-१७ अंश असायचे. आपल्याकडे ती खोली डिसेंबरात महाबळेश्वरला मिळेल. ३० अंशांवर या वाइनचं अल्कोहोल नाकात चढतं, फळाचा वास दडपतो, आणि उरतो तो नुसता हिरवा उग्रपणा. मित्राकडे नेमकं हेच झालं होतं.

लक्ष्य असं ठेवा :
- वाळू-गोट्यांची हलकी : १२ ते १४ अंश
- तुफोवरची किंवा अर्जेंटिनाची भारी : १५ ते १६ अंश

साधा फ्रीज : ३० अंशांवरची बाटली खोलीतून आत ठेवली तर १४ला यायला साधारण दोन तास लागतात. मुळात फ्रीजमध्येच असलेली बाटली उलट अर्धा-पाऊण तास आधी बाहेर काढा. ४-५ अंशांवर वास मिटतो आणि तुरटपणा टोचतो.

घाई असेल तर बर्फ आणि पाणी. दोन्ही हवेत. नुसत्या बर्फात बाटली उभी केली की खड्यांच्या मध्ये हवा राहते आणि गार व्हायला बराच जास्त वेळ लागतो. पातेलं उथळ पडतं. आमच्याकडे रिकामा पिठाचा उंच डबा या कामाला आहे : निम्मा बर्फ, मानेपर्यंत पाणी, बाटली आत, आणि मधून मधून मान धरून हलकं फिरवायचं. १२ ते १५ मिनिटांत काम होतं. मूठभर मीठ घातलं तर आणखी लवकर, पण मग गजर लावा, कारण ती दहाच्या खाली कधी गेली ते कळत नाही. फ्रीझरच्या वाटेला जाऊच नका. गप्पांमध्ये विसरायला होतं, आणि गोठून फुटलेली बाटली मटारच्या पाकिटांमधून वेचून काढायला लागते.

*तपासा :* स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर पहिला घोट पेल्यात ओतून मोजा. नसेल तर हाताचं माप : बाटली माठातल्या पाण्यापेक्षा गार लागली पाहिजे, फ्रीजमधल्या पाण्याइतकी नाही.

आणि एकदा गार केली म्हणजे झालं असं नाही. आपल्या हवेत पेल्यातली वाइन बघता बघता तापते. म्हणून एका वेळी ७५-८० मिलीच ओता, आणि बाटली गार पाण्याच्या डब्यात परत ठेवा. पेला अर्धा भरून देणं ही आपल्याकडची आदरातिथ्याची रीत, पण इथे ती नडते.

६. घर आणि पेला

या वाइनचा सगळा जीव वासात आहे : रासबेरी, शिसपेन्सिलीला टोक काढताना येणारा लाकूड-शिशाचा वास, कधी व्हायोलेटची फुलं, आणि मागे ती मिरची. हिंगाची फोडणी नुकतीच पडली असेल, उदबत्ती जळत असेल किंवा शेजारी मोगऱ्याचा गजरा असेल तर यातलं काहीही कळणार नाही. फोडण्या तासभर आधी उरकून घ्या आणि खिडक्या उघडा.

पेला महागाचा नको. पोट फुगीर आणि तोंड थोडं आत वळलेलं, एवढं पुरे. सरबताच्या सरळ ग्लासात वास टिकत नाही. कपाटात उपडे ठेवलेले पेले आतली कोंदट हवा धरून बसतात, म्हणून काढल्यावर आधी हुंगा. साबणाचा किंवा लाकडाचा वास आला तर नुसत्या पाण्याने विसळून कोरडे करा. वाइनमध्ये 'दोष' सापडला म्हणून मला बोलावलं गेलं आणि तो लिंबाच्या भांड्याच्या साबणाचा निघाला, असं दोनदा झालंय.

७. उघडा, हुंगा, मग निकाल द्या

बूच काढलं की आधी त्याच्याकडे बघा. बाजूने लाल ओघळ वरपर्यंत गेला असेल किंवा उघडण्याआधीच बूच बाटलीच्या तोंडाबाहेर आलेलं असेल, तर बाटलीने ऊन खाल्लंय. मग घोटभर ओता, पेला फिरवा, हुंगा. पाच वास वेगवेगळे ओळखता आले की लेखाचं निम्मं काम झालं :

1. ढोबळी मिरची, चुरलेलं पान, टोमॅटोच्या झाडाचा हिरवा वास. हा दोष नाही. हा द्राक्षाचा स्वभाव. हवेने तो जाणार नाही, गार केल्याने मागे सरकेल.

2. उकडलेलं अंडं, जळलेली काडी. वाइनला बाटलीत हवा कमी मिळाली, गंधक बोलतोय. पेला जोरात फिरवा, दहा-पंधरा मिनिटं द्या. बहुधा जातो.

3. ओला पुठ्ठा, पावसात भिजलेलं गोणपाट. बूच बिघडलंय. हा कशानेही जात नाही, उलट वाढत जातो. दुकानातून घेतली असेल तर बूच आणि उरलेल्या वाइनसकट परत न्या.

4. तबेला, बँड-एडची पट्टी. ब्रेटानोमायसेस नावाच्या यीस्टचं काम. ल्वारच्या जुन्या पद्धतीच्या तळघरांत हे आढळतं. हलका असेल तर काहींना आवडतो. फळाचा वास झाकला जात असेल तर दोष समजा.

5. शिजलेला मुरंबा, मनुका, वर आंबूस झाक. उष्णतेने गेली. स्वयंपाकात वापरा.

पहिला आणि तिसरा यांची गल्लत सगळ्यात जास्त होते. ओळखायची युक्ती : फ्रीजमधून ताजी ढोबळी मिरची काढा, चिरा, हुंगा, आणि लगेच पेला हुंगा. जुळला तर पहिला. माझ्या सासूबाईंनी हे केलं, मिरची पेल्याशेजारी धरली आणि म्हणाल्या, "अगदी देठाजवळची." इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या वाइनच्या लेबलवर वाचलेलं नाही.

८. भांड्यात ओतायची का?

हलकीला गरज नाही. तुफोवरची कोवळी बाटली काचेच्या जगमध्ये अर्धा तास काढून ठेवली तर तुरटपणा थोडा बसतो. मात्र जगही गार हवा, नाहीतर पाचव्या टप्प्याची मेहनत पाण्यात. दहा-बारा वर्षांची जुनी असेल तर आदल्या दिवशी बाटली उभी करून गाळ बसू द्या आणि सरळ पेल्यात हळूहळू ओता. जुन्या वाइनचा वास जगमध्येच उडून जातो.

*सावधान :* तांब्याचा किंवा पितळेचा जग छान दिसतो, पण वाइन आंबट असते. ताक ज्या भांड्यात ठेवत नाही त्या भांड्यात वाइनही नको.

९. आधी काय, सोबत काय

दोन लाल वाइन असतील तर कॅबर्ने फ्राँ आधी. नाशिकची पिकलेली शिराझ जिभेवर बसल्यावर शिनों पाणचट लागणारच.

जेवणाचं गणित सोपं नाही, कारण आपल्या ताटात तिखट, गोड, आंबट सगळं एकदम असतं. तीन शत्रू लक्षात ठेवा. गूळ : पदार्थ गोड असला की कोरडी, म्हणजे गोडवा नसलेली, वाइन आणखी आंबट-तुरट लागते. म्हणून गुळाची आमटी, अळूचं फदफदं, गोडसर भरली वांगी नकोत. जाळ तिखट : अल्कोहोल आणि तुरटपणा मिरचीची आग वाढवतात, त्यामुळे तांबडा रस्सा बाद. तिसरा, तेलकट मासा : लाल वाइनमधल्या लोहामुळे बांगड्यासोबत तोंडात गंजासारखी चव येते.

मेथीची कोरडी भाजीही मी टाळतो. हिरव्यासोबत हिरवं चालेल असं वाटतं, पण कडू आणि तुरट एकत्र आले की दोन्ही वाढतात.

जमतं काय? निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचं भरीत, मिरची हात राखून. धुराचा वास आणि या वाइनचा पेन्सिलीचा वास जुने ओळखीचे असल्यासारखे वागतात. बेसन पेरून केलेली ढोबळी मिरची : इथे मात्र हिरव्याला हिरवं लागू पडतं, कारण भाजी कडू नसते. काळी मिरी जास्त आणि लाल तिखट कमी घातलेलं सुकं मटण. ल्वारमध्ये तिच्याबरोबर शेळीच्या दुधाचं सँत-मोर द तुरेन हे चीज खातात. आपल्याकडे शेळीचं कुठलंही मऊ चीज मिळालं तर भाकरीच्या कडक तुकड्यावर लावून बघा. मीठ नीट असू द्या, मिठाने तुरटपणा मऊ होतो.

१०. उरली तर

"आधी पिऊ, उरेल ती ठेवू" हा क्रमच चुकीचा. दोघांचंच जेवण असेल तर उघडल्या-उघडल्या निम्मी वाइन ३७५ मिलीच्या धुतलेल्या, कोरड्या छोट्या बाटलीत काठोकाठ भरा, झाकण घट्ट लावा आणि फ्रीजमध्ये टाका. आत हवाच नसल्याने चार-पाच दिवस छान राहते. मोठ्या बाटलीत तळाशी उरलेली दोन दिवसांतच फिकी पडते, फ्रीजमध्ये असली तरी.

काढताना परत पाचवा टप्पा : अर्धा तास आधी बाहेर. चव गेली असेल तर फेकू नका, पण मटणाच्या मुरवणीत दही आणि वाइन दोन्ही घालू नका, आंबटपणा डोईजड होतो. कांदा तांबूस झाला की अर्धी वाटी कढईत ओता, पूर्ण आटू द्या, आणि मगच मटण टाका.